तिसऱ्या वळणावरचा पिवळा झेंडा

१० फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आज आधी भांडण.

तुझा रेसिंग सूट दोन्ही कुशींना आत घेतला आहे. किती वाळलास रे! दवाखान्यातून बाहेर पडून इतके महिने झाले, तुला कुणी जेवायला घालतं की नाही? सूट तुझ्या मेकॅनिकच्या हाती पाठवते आहे आणि त्याच्याच घडीत हे पत्र. तू फोनचा नंबर बदललास, टीमच्या खोल्यांवर राहायला गेलास, पण न जळणारा दोरा अख्ख्या गावात माझ्याच दुकानात मिळतो, त्यामुळे तुझे कपडे येतात मुकाट्याने माझ्याकडे.

डाव्या बाहीला खांद्यापाशी चुना लागला होता आणि कोपराला कुठल्या तरी दाराचा निळा रंग. उजवी बाही नवी कोरी. कुठल्या भिंती घासत फिरतोस?

दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. नवा सीझन तोंडावर आला की जो तो जॅकेट घेऊन येतो, आणि यंदा सगळ्यांना पाठीवर एकच आकडा हवा आहे, तुझ्या गाडीचा. अकरा. अकरा. अकरा. पिवळं सॅटिन संपलं, दोनदा मागवलं. सलूनवाल्याने तर स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला केसांत अकरा कोरून घेतला आहे आणि स्वतःला दिसत नाही म्हणून दोन आरसे धरून बसतो. गिऱ्हाईक ताटकळत राहतं. कुणी म्हणतं, अकरा पहिल्याच शर्यतीत पहिला येणार. कुणी म्हणतं, पहिला नको, नुसता धावू दे, आमचे डोळे निवतील. एवढा मोठा अपघात होऊन माणूस परत गाडीत बसतो, याचंच त्यांना कौतुक. मीही त्यांच्यात मान हलवते आणि शिवण मारत राहते.

आता भांडण. परवा सह्यांच्या कार्यक्रमाला मी आले होते. रांगेत नाही, बाजूने. तुझ्या डाव्या हाताला उभी होते, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. तू समोरच्या पोरीच्या टोपीवर सही केलीस, तिच्याशी गप्पा मारल्यास, पाण्याचा ग्लास पाडलास, लोक हसले, तूही हसलास. माझ्याकडे मान म्हणून वळवली नाहीस. मी हाक मारली नाही. मलाही मान आहे.

दवाखान्यात तू शुद्धीवर आलास तेव्हा मी म्हटलं होतं, ‘आता बास.’ तेवढ्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. गाडी भिंतीवर आपटून उलटी झालेली पाहिल्यावर सख्ख्या बहिणीने दुसरं काय म्हणायचं होतं? मी तो शब्द मागे घेणार नाही. पण इतक्या लोकांसमोर अशी पाठ फिरवायची नव्हतीस.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी गाड्यांची चाचणी आहे. दरवर्षीसारखी तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभी असेन. तिथे तरी ओळख दाखव.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

कालचं तुझ्या कानावर आलंच असेल. घाबरू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही. झेंडा दाखवायला मला उशीर झाला, असं मी ट्रॅकच्या कार्यालयात लिहून दिलं आहे. त्यांनी मला वळणावरून काढून गेटवर तिकिटं फाडायला बसवलं आहे. बरंच आहे, सावलीत बसायला मिळेल.

ढकल्याला काही लागलं नाही. पँट गुडघ्यावर फाटली, ती मीच शिवून दिली. तो आणि मी इतकी वर्षं एकाच वळणावर आहोत, बंद पडलेली गाडी ढकलत बाजूला न्यायची हे त्याचं काम, मागून येणाऱ्यांना झेंडा दाखवायचा हे माझं. एरवी पावाची गाडी चालवणारा माणूस, पण ट्रॅकवर आला की छाती फुगते. काल ती दुसऱ्या टीमची गाडी गरकन फिरून वळणाच्या डाव्या कडेला बंद पडली आणि ढकल्या टायरांच्या राशीवरून उडी मारून आत गेला. तेवढ्यात तू आलास. तुमच्या कानातल्या वायरलेसवर कुणी काही सांगायच्या आत आलास. ढकल्याने परत उडी मारली. त्याच्या आणि तुझ्या चाकाच्या मध्ये किती जागा होती हे मी लिहीत नाही.

तो मात्र आज दुकानात बसून सगळ्यांना रंगवून सांगत होता. म्हणे, ‘अकराने मला ओळखलं! मी हात हलवला, तर पठ्ठ्याने मुद्दाम गाडी जवळून घातली. माझ्यासाठी!’ लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एकाने त्याला चहा पाजला. सीझन सुरू व्हायच्या आधीच तुझी पहिली गोष्ट तयार झाली आहे आणि ती गावभर फिरते आहे.

मी मशीनवर बसून ऐकत होते. सुई मोडली.

एकच विचारते. रागावू नकोस. वळणाच्या आधी तू कुठे बघत होतास? तुझ्या गाडीचा आवाज जराही उतरला नाही रे. पाय उचललाच नाहीस.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. असो. हे पत्र नीट बसून वाच, आणि मेकॅनिकला खोलीबाहेर पाठव.

मला उशीर झाला नव्हता.

ती गाडी फिरली त्या क्षणी झेंडा वर होता. तू वळणाच्या पार मागे, सरळ रस्त्यावर होतास. मी दोन्ही हातांनी झेंडा हलवत होते, तू येईपर्यंत हलवत होते, आणि तू माझ्यासमोरून निघून गेलास.

कार्यालयात विचारलं तेव्हा तू म्हणालास, झेंडा नव्हताच. मग माझ्याकडे वळले. नियम तुला माहीत आहे. पिवळा झेंडा असताना वेग कमी केला नाही तर पहिल्या शर्यतीला बंदी. माझ्या डोळ्यांसमोर दुकानातल्या त्या सगळ्या पाठी आल्या, पिवळ्या सॅटिनच्या. आई आली, जी तुझा नवा फोटो खिडकीत लावून बसली आहे. आणि तू आलास, काठी टेकत दवाखान्याच्या व्हरांड्यात चालणारा. वाटलं, एवढं सगळं सोसून परत उभा राहिला आहे, त्याला झेंड्यावरून घरी बसवू? लिहून मोकळी झाले. बहिणीची माया, दुसरं काय. पण त्या मायेखाली पुढच्या वेळी ढकल्या चिरडला जाईल.

पहिले दोन दिवस मला वाटत होतं, तू झेंडा पाहून न पाहिल्यासारखं केलंस. मनात तुला नाही नाही ते बोलले. मग तुझा सूट पुन्हा आला, चेन बदलायला. मी तो टेबलावर पसरला आणि बघत राहिले. परत डावी बाही. परत चुना. झेंडा डाव्या बाजूला होता. ढकल्या डाव्या बाजूला होता. सह्यांच्या दिवशी मी डाव्या बाजूला होते, आणि तू पाडलास तो ग्लासही.

मेकॅनिकला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काय रे, आमचा बाळ्या हल्ली धडपडतो का?’ तो हसायला लागला. म्हणाला, ‘ताई, दाराच्या चौकटी तर रोजच्याच. आणि त्यांचा चहा डावीकडे ठेवला ना, तर गार होऊन जातो. मग आमच्यावरच ओरडतात, चहा कुठाय म्हणून!’

तुम्ही सगळे यावर हसता. मला रात्री झोप नाही.

तू माझ्यावर रुसून मान फिरवली नव्हतीस. तुला मी दिसलेच नाही. हे कळल्यावर आधी इतकं हलकं वाटलं मला! आणि मग आठवलं, तू शर्यतीला बसणार आहेस.

डॉक्टरांनी तुझ्याकडून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली आणि तू ती घडाघडा वाचलीस, हे मला ठाऊक आहे. समोरचं तुला दिसतंच. बाजूचं तपासायचं वेगळं यंत्र असतं. डोक्याला मार लागला की कधी कधी एका बाजूचं दिसणं जातं आणि त्या माणसाला स्वतःला पत्ताही लागत नाही, असं चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं. मी तुझं नाव घेतलं नाही.

एकदा तपासून घे. काही निघालं नाही तर मी तुझ्या पाया पडेन, मोठी असून.

ताई


१ मार्च

धाकट्या,

तुझा निरोप पोचला. मेकॅनिक बिचारा दारात उभा राहून जमिनीकडे बघत बोलला. ‘त्यांनी सांगितलंय, झेंडा उशिरा दाखवला असं तिनेच लिहून दिलंय. आता स्वतःची चूक झाकायला माझ्या डोळ्यांत खोट काढते. मी परत गाडीत बसलेला तिला बघवत नाही.’

वा. शाबास.

मी तुला वाचवायला खोटं लिहिलं आणि तू तेच माझ्या तोंडावर मारलंस. बरं, तुला खरंच झेंडा दिसला नसेल तर तुझ्या दृष्टीने तूच खरा, मीच खोटी. हे मला कळतं, आणि तरी राग जात नाही. लहानपणी अंगणातल्या पिंपावर सायकल आदळून तू म्हणायचास, पिंप मध्ये आलं. तसाच आहेस अजून.

काल मी ट्रॅकच्या मुख्य बाईंकडे गेले होते. सांगून टाकलं, की झेंडा वेळेत होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘आधी उशीर झाला म्हणालात. आता वेळेत होता म्हणता. शर्यत तोंडावर आलीय, तिकिटं विकून संपलीत, आणि तुमचं नि भावाचं पटत नाही हे गावाला माहीत आहे. मी कुठलं खरं धरू? दुसरं कुणी होतं का तिथे?’

होता. ढकल्या होता.

तिथून तडक बेकरीवर गेले. तो पावाच्या गाडीत बसला होता, पाव भरलेले, किल्ली हातात. म्हटलं, ‘निघायचं नाही का?’ तर म्हणाला, ‘निघतोय.’ आणि तसाच बसून राहिला. मी शेजारी चढून बसले. मग विचारलं, ‘खरं सांग. त्याने तुला पाहिलं होतं का?’

‘पाहिलं होतं,’ तो म्हणाला.

‘तुझ्याकडे बघत होता?’

‘समोर बघत होता. ड्रायव्हर समोरच बघणार ना, ताई!’

‘मग ओळखलं कशावरून?’

त्यावर तो चिडला. असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नाही. म्हणाला, ‘माझ्या आयुष्यात एकच गोष्ट घडलीय सांगण्यासारखी. तीही काढून घ्या! आणि मी बोललो, अकरा बसला घरी, तर हे लोक माझी गाडी तरी शाबूत ठेवतील का?’

मी उतरले. चाचणीच्या दिवशी तो हात हलवत उभा राहिला रे. गाडी अंगावर येत होती आणि हा वेडा, लाडका ड्रायव्हर जवळून जाणार म्हणून हात हलवत उभा होता. दुसरा कुणीही असता तर आधीच पळाला असता.

तर आता स्पष्ट लिहिते. पुढच्या रविवारच्या शर्यतीत तुझ्या डाव्या बाजूने वीस-बावीस गाड्या येतील-जातील. कुठल्या तरी वळणावर कुणीतरी गाडी ढकलत असेल. त्याच्या घरी कुणीतरी असेल. शुक्रवारी दुपारपर्यंत तू आपण होऊन तपासून घे. कुणाला काही कळणार नाही, मी कुणाला सांगणार नाही. नाही गेलास तर मी ढकल्याला हाताला धरून बाईंसमोर उभा करेन. तो आला नाही तर एकटी जाऊन बसेन, आणि उठणार नाही.

तुला मी बघवत नसेन तर नको बघू. पण जा.

ताई


६ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

तू गेला नाहीस. मेकॅनिकने दुपारी दारातूनच मान हलवली.

बाहेर नुसता गलका आहे. ट्रॅककडच्या मैदानावर तंबू पडले आहेत, बसगाड्या भरून येताहेत, पोरं तोंडं पिवळी करून हिंडताहेत, कर्णे वाजवताहेत. इतका उत्साह मी या गावात कधी पाहिला नव्हता. एरवी मीच त्यात पुढे असते. आज कर्णा वाजला की दचकते.

ढकल्या सकाळी स्वतःहून आला. डोळे लाल. काल पाव पोचवायला निघाला, मागून एक मोटार जोरात आली, आणि याने भर रस्त्यात गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लोक शिव्या देत होते तरी याला हलता येईना. घरी गेल्यावर बायकोने सरळ विचारलं, ‘त्याने तुम्हाला पाहिलं होतं म्हणता, तर मग गाडी हळू का नाही केली?’ ढकल्या मला म्हणाला, ‘ताई, मी तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतंच.’

तुझी वाट पाहून दुपारनंतर आम्ही दोघं गेलो. त्याने सगळं सांगितलं. झेंडा केव्हा वर गेला, तू कुठे होतास, तो स्वतः कुठे होता. मी आधी खोटं लिहून दिलं हेही लेखी दिलं. मुख्य बाईंनी खिडकीबाहेर, त्या तंबूंकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, ‘उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी. त्याशिवाय अकरा नंबर ट्रॅकवर जाणार नाही.’ आणि मला म्हणाल्या, ‘खोटं लिहून देणाऱ्या माणसाच्या हातात मी पुन्हा झेंडा देऊ शकत नाही. कळतंय ना?’ म्हटलं, कळतंय.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुकानाच्या शटरवर कुणीतरी खडूने ‘घरभेदी’ लिहून गेलं. सलूनवाला जॅकेट घेऊन आला, काउंटरवर ठेवलं. मी विचारलं, काय करू? म्हणाला, ‘तुमच्या हातचा आकडा नको.’ मी त्याच्यासमोर एकेक टाका उसवला. कापड फाटू दिलं नाही. पैसे नको म्हटलं, तर फेकून गेला.

आई माझ्याशी बोलत नाहीये. तुझा फोटो तिने खिडकीतून काढला आहे, आत ठेवला आहे की कुठे, विचारायची हिंमत नाही.

उद्या काही निघालं नाही तर मी तुझी आणि या गावाची जन्माची वैरीण. निघालं तरी बहुधा तेच. मी देवापाशी काय मागू तेच मला समजत नाही. तुझे डोळे चांगले निघावेत म्हणून हात जोडते, आणि मग तू रविवारी गाडीत बसलेला दिसतोस, की हात आपोआप सुटतात.

दार लावून बसले आहे. हे पत्र मेकॅनिक नेईल की फाडेल, माहीत नाही.

ताई


८ मार्च, रविवार

बाळ्या,

हे पत्र मेकॅनिक स्वतः घेऊन येतो आहे, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, दुपारी तुला नेलं आहे तिथे. डोक्याचे फोटो काढून झाले की डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्याकडून मला ताबडतोब कळव. नव्या नंबरावरून कळवलंस तरी चालेल.

कालचं सगळं त्याने मला सांगितलं. तुला यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, हातात बटण दिलं, दिवा दिसला की दाब म्हणून. तू दाबत राहिलास. उठलास तेव्हा हसत होतास. मेकॅनिकला म्हणालास, ‘झालं एकदाचं! चल.’ मग कागद समोर आला. अर्धा काळा. तू म्हणालास, ‘यंत्र बिघडलंय. डावीकडचे दिवे त्यांनी लावलेच नाहीत.’ पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तू मेकॅनिकला यंत्राच्या त्या बाजूला उभं केलंस, दिवे लागतात का ते बघायला. तो म्हणतो, ‘ताई, ते एकामागून एक लागत होते, आणि यांचा अंगठा हलत नव्हता.’ सांगताना तो माझ्या दुकानात उभ्या उभ्या रडला. मीही रडले. तुझ्या डोळ्यांचं खरं ठरलं याचा मला तसूभरही आनंद झाला नाही. माझंच चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.

आज सकाळी मी दुकान उघडलं नाही. आईने टीव्ही लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘बस.’ बसले. ड्रायव्हरांची ओळख सुरू झाली. तुझी जागा रिकामी होती. लोकांनी ओरडायला सुरुवात केली, अकरा, अकरा, आणि मग त्यात मला शिव्या मिसळल्या. टीव्हीवर सगळं ऐकू येत होतं. आईने आवाज कमी केला नाही.

आणि तू आलास. साध्या कपड्यांत. निवेदकाच्या हातातून माईक घेतलास. लोकांना वाटलं, तू धावणार. काय तो जल्लोष! तू हात वर केलास, तरी थांबेनात. तू वाट बघत उभा राहिलास. एवढ्या धीराने वाट बघताना मी तुला जन्मात पाहिलं नव्हतं.

‘झेंडा वेळेत होता,’ तू म्हणालास. ‘मला दिसला नाही. डावीकडे उभा असलेला माणूसही दिसला नाही. ताई खरं बोलली.’

मग थांबून म्हणालास, ‘मी आता गाडी चालवणार नाही.’

सगळं मैदान असं गप्प झालं की कुणाचा तरी कर्णा खाली पडल्याचा आवाज टीव्हीवर आला. आई उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे ती किती वेळ होती कुणास ठाऊक, मी आत गेले नाही.

शर्यत मी पाहिली. पाहायची नाही असं ठरवलं होतं, पण सवय. तिसऱ्या वळणावर एक गाडी बंद पडली, झेंडा वर गेला, सगळे हळू झाले, ढकल्या आत गेला, ढकलून बाहेर आला. काहीच घडलं नाही. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. मी मात्र उठून उभी राहिले होते.

लोक मला इतक्यात माफ करणार नाहीत, आणि तुलाही आतून वेळ लागेल हे मी जाणून आहे. तू मला काही बोलायचंच असेल तर बोल, ओरड, मी ऐकून घेईन. एवढं मात्र सांगते, मला तू हवा आहेस. अकरा नंबर त्यांचा होता.

पुढची शर्यत पंधरा दिवसांनी आहे. मी कुंपणाबाहेरची दोन तिकिटं काढते आहे. तू आयुष्यात एकही शर्यत बाकावर बसून पाहिलेली नाहीस आणि मीही झेंड्याशिवाय पाहिलेली नाही, तेव्हा दोघंही नवखे. घसा बसेपर्यंत ओरडायचं असतं, नखं खायची असतात, आणि शिव्या घालायला एक ड्रायव्हर लागतो. तो तू निवड.

तुझी ताई